जुना स्पीकर, नवा रिसीव्हर

परभणी जिल्ह्यात टीव्ही, फ्रिज, मोटारसायकल या खरेद्या दिवाळीच्या आगेमागे होतात, कारण त्याच सुमाराला सोयाबीन निघते आणि हातात चार पैसे येतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवला. त्या हिशेबाने पन्नास हजारांचे होम थिएटर म्हणजे जवळपास साडेनऊ क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव पदरात पडला तर. मोंढ्यावर माल त्याहून खाली गेला की हाच आकडा अकरा-बारा क्विंटलांवर जातो. एवढे धान्य विकून घरात आवाज आणायचा असेल, तर तो दुकानातून कोरा आणावा की कुणी वापरून काढलेला घ्यावा, हा प्रश्न केवळ हौशी लोकांच्या चर्चेचा राहत नाही. पुण्या-मुंबईच्या शौकिनाला चुकलेली खरेदी सहा महिन्यांत विकून मोकळे होता येते. सेलूच्या किंवा गंगाखेडच्या माणसाला ती पुढची दहा वर्षे घरात सांभाळावी लागते.

बाजारात ‘होम थिएटर’ या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे खोक्यातला तयार संच: पाच लहान डबे, एक वूफर, आणि एकाच कंपनीच्या पिना अशा की एक भाग गेला तर बाकीचे शोभेचे. दुसरी म्हणजे सुटे भाग जुळवून उभी केलेली व्यवस्था. तिच्यात टीव्हीचा आणि सेट-टॉप बॉक्सचा सिग्नल घेऊन त्याचे पाच-सात वाटे करणारा आणि प्रत्येक वाट्याला ताकद देणारा रिसीव्हर असतो. समोर दोन स्पीकर, संवादांसाठी मधला एक, मागे दोन, आणि खर्जासाठी पोटात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन बसलेला सबवूफर. नवे की जुने, हा वाद या सगळ्यांना एकाच दावणीला बांधून घातला जातो. तिथेच तो चुकतो. या डब्यांचे वय एका गतीने वाढत नाही, ते बिघडतात वेगवेगळ्या कारणांनी, आणि मुख्य म्हणजे बिघडल्यावर त्यांना हात लावू शकणारी माणसे वेगवेगळ्या गावांत बसलेली असतात.

जुन्या वस्तूची जोखीम तिच्या वयावर कमी आणि दुरुस्तीच्या अंतरावर जास्त अवलंबून असते, असे माझे म्हणणे आहे. जे आपल्या तालुक्यात दुरुस्त होते ते बेलाशक जुने घ्यावे, आणि जे फक्त कंपनीलाच उघडता येते ते नवे, पावतीसकट आणि वॉरंटीसकट घ्यावे. हे तत्त्व या जिल्ह्याला परके नाही. सेकंड-हँड ट्रॅक्टर घेताना मानवत किंवा पाथरीच्या शेतकऱ्याला कमीपणा वाटत नाही, कारण त्याचा गिअरबॉक्स खोलणारा मिस्त्री तालुक्याच्या रस्त्यावरच असतो आणि पार्ट जवळच्या बाजारात मिळतो. तोच शेतकरी सेकंड-हँड मोबाइल घेताना दहा वेळा विचार करतो. दोन्ही वस्तू वापरलेल्याच. फरक एवढाच की एकीचा बिघाड गावाला समजतो, दुसरीचा समजत नाही.

स्पीकर ट्रॅक्टरच्या बाजूला मोडतो. विजेच्या प्रवाहाने तारेचे वेटोळे चुंबकात मागे-पुढे हलवायचे आणि त्याला चिकटवलेल्या कागदी कोनाने हवा ढकलायची, ही रचना अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली. शंभर वर्षे झाली, तत्त्व तेच आहे. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. पुढे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी पेटी आणि कोन यांचे गणित असे बसवले की आजही पेट्या त्याच सूत्रांवर कापल्या जातात. म्हणजे सत्तरच्या दशकाच्या शेवटापर्यंत घरगुती स्पीकरमधले मोठे शोध बहुतेक लागून गेले होते. नंतर साहित्य सुधारले, मोजमाप सुधारले, स्वस्त स्पीकर खूपच सुधारले. पण वीस वर्षांपूर्वीचा चांगला स्पीकर आज वाईट झाला असे काही घडले नाही. घरगुती डॉल्बी सराउंड १९८२ मध्ये आले, प्रो लॉजिक १९८७ मध्ये, डीव्हीडीबरोबर डॉल्बी डिजिटल, आणि २०१४ पासून घरगुती रिसीव्हरमध्ये डॉल्बी अ‍ॅटमॉस. यांतले एकही नाव स्पीकरला कळत नाही. त्याच्याकडे दोन तारांतून प्रवाह येतो आणि तो हलतो.

स्पीकर झिजतो तो ओळखीच्या ठिकाणी. कोनाच्या कडेला फोमची पट्टी असेल तर दहा ते वीस वर्षांत ती हवेतल्या ओलाव्याने आणि उष्णतेने कुजून भुगा होते. रबराची कडा त्याहून पुष्कळ जास्त टिकते. म्हणून जुन्या स्पीकरच्या बाबतीत पहिला प्रश्न ब्रँडचा नसून कडेचा असला पाहिजे. बोटाने हलके दाबल्यावर फोम दबून परत आला नाही, किंवा बोटाला काळा चुरा लागला, तर किंमत खाली आणायला तेवढे कारण पुरते. दोन्ही हातांची बोटे कोनावर समान टेकवून तो सरळ आत दाबावा. खरखर लागली तर आतले वेटोळे चुंबकाला घासते आहे. मल्टिमीटर लावला तर आठ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो. काटा हललाच नाही तर कॉइल जळाली. पेटी प्लायची किंवा भुशाच्या बोर्डाची असते, आणि पाणी पिऊन फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. २०२४ च्या आणि पुन्हा २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तिच्यानंतर या भागातल्या जुन्या पेटीचा तळ आणि मागची खालची कड बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. या सगळ्या तपासणीला दहा मिनिटे लागतात आणि तिच्यासाठी इंजिनिअर लागत नाही.

दुरुस्तीचे म्हणाल तर या बाबतीत परभणी गरीब नाही, उलट श्रीमंत आहे, आणि ती श्रीमंती आली आहे डीजेमुळे. लग्नाच्या वराती, शिवजयंती, चौदा एप्रिल, गणपती आणि देवी: वर्षातले कितीतरी दिवस पंधरा आणि अठरा इंची स्पीकर क्षमतेच्या पलीकडे वाजवले जातात आणि त्यांच्या कॉइल जळतात. जळालेली कॉइल बदलणे, फाटलेला कोन काढून नवा बसवणे, मागची जाळी चिकटवणे, अ‍ॅम्प्लिफायरचे उडालेले ट्रान्झिस्टर जोडीने बदलणे, ही कामे म्हणूनच जिल्ह्याच्या ठिकाणी आणि मोठ्या तालुक्यांत चालतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. ती मिरवणुकीत कितपत पाळली जाते हा वेगळा लेख होईल. पण त्या गोंगाटाने एक कारागिरी जिवंत ठेवली आहे, आणि शांतपणे सिनेमा बघू इच्छिणाऱ्याला ती फुकटात उपलब्ध आहे. अठरा इंची कोन बसवणाऱ्या हाताला आठ इंची कोन जड नाही. थोडी सावधगिरी मात्र हवी: घरगुती स्पीकरचा कोन हलका आणि कडा मऊ असते, तिथे डीजेचा जाड कोन बसवला तर स्पीकर वाजेल, पण त्याचा सूर बदललेला असेल.

याचा अर्थ डीजेवाल्याकडून हंगाम संपल्यावर स्वस्तात मिळणारे टॉप आणि बेस घरात आणावेत असा नाही. ते मैदानात दूरवर आवाज फेकण्यासाठी बांधलेले असतात. थोड्या वॅटमध्ये खूप मोठे वाजतात, पण सिनेमात लागणारा अगदी खालचा खर्ज त्यांच्यातून फारसा निघत नाही, आणि त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरचा पंखा बैठकीच्या खोलीत स्वतंत्र पात्रासारखा ऐकू येतो.

रिसीव्हरची कथा उलटी आहे. बाहेरून तो जुन्या अ‍ॅम्प्लिफायरसारखा दिसतो, आतून तो संगणक असतो, आणि संगणकासारखाच कालबाह्य होतो. एचडीएमआयची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये ठरली. २००६ मध्ये १.३ आली, २००९ मध्ये १.४, २०१३ मध्ये २.० आणि २०१७ मध्ये २.१. या काळात चित्र वाहून नेण्याची क्षमता वाढत गेली आणि नकलेपासून संरक्षण करणारे कुलूपही बदलले. २०१० चा उत्तम रिसीव्हर आजच्या फोर-के पेटीच्या आणि टीव्हीच्या मध्ये ठेवला तर चित्र हलक्या दर्जाचे होते किंवा पडदा काळा राहतो. नवा घेतला म्हणजे सुटलो असेही नाही: २०२० मध्ये २.१ चे पहिले रिसीव्हर आले, तेव्हा काहींतल्या चिपला नव्या गेमिंग कन्सोलचे सेकंदाला १२० चित्रांचे फोर-के झेपेना आणि कंपन्यांना जादा पेटी किंवा बोर्ड बदलून द्यावा लागला. पण तो दिला कुणाला, तर ज्यांच्याकडे नोंद आणि पावती होती त्यांना. या बोर्डावरच्या चिपला पाय दिसत नाहीत. त्या खालून शेकडो बारीक थेंबांनी जोडलेल्या असतात. कॉइल गुंडाळणाऱ्या कारागिराच्या सोल्डरिंग गनला तिथे प्रवेश नाही. बोर्ड बदलायचा, तो कंपनीकडेच मिळतो, आणि मॉडेल बंद होऊन काही वर्षे झाली की तिथेही मिळत नाही.

त्यात परभणीचा उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशी ओलांडून बेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. रिसीव्हरच्या वीजपुरवठ्यात द्रवरूप रसायन असलेले कपॅसिटर असतात आणि त्यांचे आयुष्य तापमानावर ठरते. दहा अंश तापमान कमी झाले की आयुष्य दुप्पट, वाढले की निम्मे, असा इलेक्ट्रॉनिक्समधला सर्वमान्य आडाखा आहे. समजा ८५ अंशांना २,००० तासांचा कपॅसिटर आहे आणि पेटीच्या आतली हवा खोलीपेक्षा वीस अंशांनी गरम राहते. पंचवीस अंशांच्या खोलीत आत ४५ अंश होतात आणि आडाख्याने ३२,००० तास मिळतात, म्हणजे रोज चार तास वापरले तर जवळपास बावीस वर्षे. पंचेचाळीस अंशांच्या खोलीत आत ६५ होतात, तास उरतात ८,०००, म्हणजे साडेपाच वर्षे. वर्षभर मे महिना नसतो, त्यामुळे खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडेल. पण टीव्हीखालच्या बंद कपाटात, वर सेट-टॉप बॉक्स ठेवून, पत्र्याच्या किंवा तापलेल्या स्लॅबच्या खोलीत दहा उन्हाळे काढलेला रिसीव्हर आणि वातानुकूलित फ्लॅटमधला त्याच वर्षीचा रिसीव्हर यांचे वय एकच नसते. जुना घेणाऱ्याने ‘किती वर्षांचा’ याच्याबरोबर ‘कुठे ठेवला होता’ हेही विचारावे. कपॅसिटर बदलता येतो, आणि तो मात्र गावात बदलून मिळतो. चिपचे तसे नाही.

विजेचेही तेच. घरातला पुरवठा २३० व्होल्टचा धरलेला असतो, पण शेतीपंपांच्या भाराबरोबर गावातला दिवा कधी मंद तर कधी भगभगीत होतो हे इथे कुणाला सांगायला नको. वळवाच्या पावसातली वीज आणखी वाईट. तिचा धक्का बहुधा डिशच्या केबलमधून सेट-टॉप बॉक्सात आणि तिथून एचडीएमआयच्या नाजूक दारात शिरतो. वापरलेल्या रिसीव्हरचे एखादे एचडीएमआय दार मेलेले असणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि विक्रेता त्या दाराला वायर लावून दाखवत नाही. अमेरिकेतल्या नातलगांनी येताना आणलेला किंवा कंटेनरमधून आलेला रिसीव्हर असेल तर मागची पट्टी वाचणे सक्तीचे: तिथे १२० व्होल्ट लिहिलेले असेल तर आपल्या पिनेत तो एका क्षणात जळेल. जपानी देशांतर्गत मॉडेल १०० व्होल्टचे असते. ट्रान्सफॉर्मर लावून ते चालवता येतात, पण ट्रान्सफॉर्मरचा खर्च आणि त्याची घरघर किमतीत धरा.

यावर जाणकारांचा एक आक्षेप खरा आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात, चित्र रिसीव्हरमधून न्यायचेच कशाला? सगळ्या पेट्या टीव्हीला जोडा आणि टीव्हीतून फक्त आवाज बाहेर काढा. मग जुन्या रिसीव्हरची एचडीएमआय आवृत्ती आपोआप गैरलागू होते. हे बरोबर आहे. २००९ नंतरच्या पुष्कळ रिसीव्हरमध्ये टीव्हीकडून उलटा आवाज घेण्याची सोय आहे, आणि त्याहून जुन्यांत लाल प्रकाशाच्या ऑप्टिकल वायरची. तिच्यातून पाच अधिक एक वाटांचा डॉल्बी डिजिटल नीट जातो. डोक्यावरून फिरणाऱ्या हेलिकॉप्टरचा अ‍ॅटमॉस तिच्यातून जात नाही, पण ज्या घराच्या छतात स्पीकर बसवायचेच नाहीत तिथे तो गेला काय आणि राहिला काय. म्हणून नियमाला अपवाद असा: ज्या जुन्या रिसीव्हरकडून फक्त आवाजाचे काम घ्यायचे आहे, आणि जो नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी किमतीत मिळतो, तो घ्यायला हरकत नाही. त्यापेक्षा महाग मागत असेल तर नव्याकडे वळावे. दोनच स्पीकर वाजवणारा जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर तर याहून बिनधोक, कारण त्यात चिप जवळपास नसतेच. तो पूर्णपणे गावच्या कारागिराच्या हातात येतो. १९७० मध्ये कोलकात्यात सुरू झालेल्या सोनोडाइनचे किंवा त्या काळच्या इतर देशी कंपन्यांचे असे अ‍ॅम्प्लिफायर आजही दुरुस्त होऊन वाजतात.

नवा घेण्याच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा वॉरंटीचा. ती महानगरात जेवढी मोलाची, तेवढी इथे असते का, हे तपासून बघण्यासारखे आहे. चांगल्या रिसीव्हरची अधिकृत सेवा केंद्रे मोठ्या शहरांत असतात. रेल्वेने नांदेड साठेक किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर पावणेदोनशेच्या घरात, आणि काम तिथेही झाले नाही तर पुणे, मुंबई किंवा हैदराबाद. दहा-बारा किलोचा डबा मूळ थर्मोकोलसकट पाठवायचा खर्च कोण करणार, हे खरेदीआधीच लेखी विचारावे. तरीही वॉरंटीचे मोल उरतेच. दुकानातून पावतीने घेतलेल्या वस्तूमागे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा उभा राहतो. परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्कही नाही. एखाद्याने स्वतःच्या घरातली वस्तू विकली तर तो व्यापारी ठरत नाही, आणि त्याच्याविरुद्ध ही वाट मिळत नाही. २०२२ च्या राष्ट्रीय ग्राहक दिनी केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग खुले करावेत म्हणून. विचार चांगला आहे. पण दुरुस्ती कशी करावी याची माहिती मिळाल्याने परभणीत चिप बदलणारे यंत्र येत नाही.

सबवूफर या दोन टोकांच्या मध्ये बसतो. त्याचा अर्धा भाग स्पीकर आहे आणि अर्धा भाग, म्हणजे मागच्या पत्र्यावरचा अ‍ॅम्प्लिफायर, सतत चालू राहून, बंद पेटीत तापून आणि रात्रंदिवस हादरे खाऊन लवकर थकतो. सेकंड-हँड सबवूफर घ्यावा तो मागचा पत्रा मेला तरी परवडेल अशा किमतीत. कारण पेटी आणि कोन चांगले असतील तर बाहेरून साधा अ‍ॅम्प्लिफायर जोडून तो पुन्हा उभा करता येतो, आणि हे काम इथला कारागीर करू शकतो. घेण्यापूर्वी अर्धा तास चालू ठेवून बघावा. थंड असताना गप्प असणारी घूंऽऽ गरम झाल्यावर सुरू होते.

आता साऊंडबारवाले. त्यांचा मुद्दा सोपा आणि म्हणून आकर्षक: एक लांब पट्टी, एक वायर, नवीन वस्तू, दुकानात लगेच मिळते, जुन्या डब्यांचा पसारा कशाला? ज्याची खोली लहान आहे, ज्याला मालिका आणि बातम्या स्पष्ट ऐकायच्या आहेत, त्याने साऊंडबारच घ्यावा, या लेखाच्या नादी लागू नये. पण साऊंडबार म्हणजे लहान होम थिएटर हा समज चुकीचा आहे, आणि चूक कंपनीची नसून हवेची आहे. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनाला चौपट हवा ढकलावी लागते. दोन-अडीच इंचांच्या कोनांनी ती ढकलली जात नाही, कितीही जाहिरात केली तरी. शिवाय पट्टीतले सगळे एकाच बोर्डावर असते. पाच-सहा वर्षांनी तो बोर्ड गेला की चांगले असलेले स्पीकरही भंगारात जातात. म्हणजे या वस्तूत स्पीकरचे आयुष्य चिपच्या आयुष्याला बांधून टाकले आहे. खोक्यातल्या तयार संचाची गोष्ट तीच, थोडी अधिक वाईट. असा संच वापरलेला कधीच घेऊ नये: त्यातल्या स्पीकरांचा रोध तीन ओहम असा आडनिडा असतो, पिना दुसरीकडे बसत नाहीत, आणि डीव्हीडीचा भाग गेला की बाकीचा संच पोरका होतो.

नवा आणि स्वस्त असा तिसरा मार्ग म्हणजे पाच-सात हजारांचे देशी फाइव्ह-पॉइंट-वन, ज्यांच्या खोक्यावर हजारो वॅट पीएमपीओ छापलेले असते. पीएमपीओला कुठलेही सर्वमान्य मोजमाप नाही. छापणाऱ्याला आवडेल तो आकडा. खोके उलटे करून मागच्या पट्टीवर वीज किती वॅट ओढते ते वाचावे. साठ वॅट ओढणारे यंत्र सतत साठ वॅटपेक्षा जास्त आवाज देऊ शकत नाही, हे शाळेतल्या विज्ञानात बसते. आणि खरे तर साठ वॅटही फार झाले. बऱ्यापैकी स्पीकर एका वॅटमध्ये एक मीटरवर ८८ डेसिबलच्या आसपास वाजतो. बैठकीच्या खोलीतले बहुतेक ऐकणे एक-दोन वॅटमध्ये उरकते आणि बाकीची ताकद स्फोटाच्या दृश्यासाठी राखीव असते. म्हणून जुना पन्नास वॅटचा प्रामाणिक अ‍ॅम्प्लिफायर नव्या दहा हजार वॅटच्या खोक्याला सहज झाकून टाकतो.

उरला विश्वासाचा प्रश्न, आणि सेकंड-हँडविरुद्धचे सगळ्यात जुने भय तेच आहे: माल चोरीचा निघाला तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे. म्हणून मूळ पावती मागावी, ती नसेल तर विक्रेत्याच्या ओळखपत्राच्या प्रतीवर मॉडेल आणि सिरिअल क्रमांक लिहून सही घ्यावी. प्रामाणिक माणूस याला हरकत घेत नाही. दुसरे भय ऑनलाइन जाहिरातींचे. ‘लष्करात आहे, बदली झाली, सामान विकून जायचे आहे’ या कथेला देशभर लोक फसले आहेत. आगाऊ पैसे पाठवू नयेत, आणि पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करायचा नसतो, देण्यासाठी करायचा असतो. फसलोच तर १९३० क्रमांकावर ताबडतोब कळवावे. फोटोवरून आवाज विकत घेणे म्हणजे म्हैस पाण्यात असताना मोल करणे. तेव्हा स्वतः जाऊन ऐकणे आले. परभणीकराला त्यासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोडच गाठायला हवा असे नाही. १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि आजही मनमाड-सिकंदराबाद मार्गावरून रात्री निघाले की सकाळी हैदराबाद येते. तिथली कोठीची गुजराती गल्ली इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. जाताना ओळखीची दोन-तीन गाणी, एका संवादप्रधान चित्रपटाचा तुकडा आणि मल्टिमीटर बरोबर न्यावा. विक्रेता लावेल त्या गाण्यावर निर्णय करू नये. बेस फुगवलेल्या गाण्यात फाटलेला कोनही भारदस्त वाटतो.

‘नवे हप्त्यावर मिळते, व्याज शून्य’ हा दुकानातला शेवटचा युक्तिवाद. रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरातच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते. खर्च प्रक्रिया शुल्कात किंवा गमावलेल्या रोख सवलतीत दडलेला असतो. रोखीने काय भाव, हे आधी विचारावे, हप्त्याची गोष्ट नंतर. ज्याचे उत्पन्न वर्षातून एक-दोनदा येते त्याच्यासाठी दर महिन्याचा हप्ता तसाही गैरसोयीचा. पन्नास हजारांतले अर्धे रिसीव्हरवर रोख घालावेत, उरलेल्यांत समोरचे दोन चांगले जुने स्पीकर आणि मधला घ्यावा. मागचे दोन आणि सबवूफर पुढच्या हंगामावर ढकलले तरी सिनेमा बघताना फारसे अडत नाही, कारण संवाद आणि बहुतेक संगीत समोरच्या तिघांतूनच येते. आणि थोडे पैसे खोलीसाठी ठेवावेत. शहाबादी फरशी, गिलाव्याच्या कोऱ्या भिंती आणि सिमेंटचा स्लॅब असलेल्या खोलीत आवाज इतका घुमतो की लाखाची यंत्रणाही गढूळ वाटते. जाड सतरंजी, पडदे आणि मागच्या भिंतीशी रचलेल्या गाद्या-गोधड्या यांनी जेवढा फरक पडतो, तेवढा पुढच्या मॉडेलने पडत नाही.

या विभागणीत दिवाळीचाही हिशेब वेगळा बसतो. नव्या रिसीव्हरची खरेदी सणातच करावी, कारण दुकाने त्या वेळी आधीच्या वर्षाचे मॉडेल कमी दरात काढतात आणि आधीच्या वर्षाच्या मॉडेलमध्ये बहुतेक वेळा काही कमी नसते. जुन्या स्पीकरसाठी मात्र थांबावे. सणात नवे घेणाऱ्यांचे जुने डबे बाजारात येतात ते कार्तिक संपता-संपता, घरातली जागा अडू लागली की. आणि तेव्हा विकणाऱ्याला घाई असते, घेणाऱ्याला नसते. तोपर्यंत घरातले टेपरेकॉर्डरच्या काळातले दोन डबे रिसीव्हरला जोडून काम भागते, फक्त त्यांच्या पाठीवरचा ओहमचा आकडा सहाच्या खाली नसावा आणि आवाज अर्ध्याच्या पुढे नेऊ नये.